अ‍ॅव्हरेज कुणी खाल्लं?

पोस्ट मोठी आहे. ज्यांची गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी आहे आणि जे रोज नाशिक हायवेने चाकणला जातात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी स्क्रोल केलं तरी राग नाही.

माझी गाडी २००८ ची. एमएच-१४ पासिंग, आठशे सीसी, पेट्रोल. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर मूळ मुद्दा राहील बाजूला आणि "आमची गाडी भारी की तुमची" सुरू होईल. २०२३ ला पंधरा वर्षं झाली, पाच हजार रुपये फी भरून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतली. घर मोशीत, काम आंबेठाण रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये. एका बाजूला साधारण २० किलोमीटर. म्हणजे रोजचे ४०, महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४० किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यंदा पावसाळा संपता संपता लक्षात आलं की गाडी पेट्रोल पिते नाही, ढोसते. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं. १२.१ चं अ‍ॅव्हरेज. छोट्या गाडीला बाराचं अ‍ॅव्हरेज म्हणजे घरात पाहुणा आलाय आणि जायचं नावच घेत नाही, तशातला प्रकार.

आता विचारा, मी पहिलं काय केलं? तेच, जे तुम्ही कराल. मोबाईल उघडला. मोबाईलने सांगितलं, इथेनॉल! ई-२० ने गाड्यांची वाट लावली! एकाने तर पेट्रोलमध्ये पाणी घालून बाटली हलवतानाचा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या ग्रुपवर दुसरी बाजू, की ही सगळी अफवा आहे, इथेनॉलने काहीच होत नाही, देशाच्या प्रगतीला विरोध करणाऱ्यांचं हे काम आहे. दोन्ही ग्रुपमध्ये माझेच नातेवाईक. दोघांपैकी एकानेही स्वतःच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वहीत लिहून मोजलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मग गॅरेज. तीन ठिकाणी गेलो, नावं घेत नाही. पहिल्याने बोनेटही न उघडता सांगितलं, "साहेब, इंजिन बसलंय, बांधायला लागेल, अठ्ठावीस हजार." मी म्हटलं, कॉम्प्रेशन बघितलं का? तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. दुसरा म्हणाला डी-कार्बन करा, साडेतीन हजार, मशीन लावतो, गाडी नवी होते. तिसऱ्याने पेट्रोलमध्ये टाकायची बाटली दिली, सातशे रुपये. ती मी घेतली. हो, घेतली. माणूस हताश झाला की बाटलीही घेतो आणि लिंबू-मिरचीही बांधतो. पुढची टाकी मोजली, १२.२.

एक पाव्हणे म्हणाले, भोसरीत एक जुने मिस्त्री आहेत, आयुष्यभर मोठ्या कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते, आता घराच्या पडवीत बसून चार गाड्या बघतात. त्यांच्याकडे गेलो. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी सकाळपासून चालू केलीय का?" केली होती. "मग आज जा. उद्या सकाळी थंड गाडी घेऊन ये. इथेच रात्री लावून ठेवलीस तर आणखी बरं." तीन गॅरेजवाल्यांनी तीन मिनिटांत निदान केलं होतं, ह्या माणसाने अख्खी रात्र मागितली.

सकाळी त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लावून उभे राहिले. डॉक्टर नाडी बघतात तसे. दोन मिनिटांतच पाइप कोमट व्हायला लागला. "बघ. हा पाइप पहिली काही मिनिटं गार राहायला पाहिजे. इंजिन नीट तापलं की मग झडप उघडते आणि गरम पाणी इकडे येतं. तुझं पहिल्या क्षणापासून फिरतंय." मग डॅशबोर्डवरचा काटा दाखवला. पावच्या वर कधी जातच नव्हता. मला वाटायचं गाडी थंड राहते म्हणजे तब्येत उत्तम! काकांनी दोन बोल्ट काढले, घर उघडलं. आत काहीच नाही. थर्मोस्टॅटच नाही.

आणि मग मला आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गाडी गरम झाली होती. तेव्हाच्या मेकॅनिकने सांगितलं होतं, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडे त्याची गरज नसते, परत गाडी तापणार नाही." मी त्याला वर चहा पाजला होता.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्या पट्ट्यातल्या किती जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट असा काढून फेकलेला असेल देव जाणे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. इंजिनातलं पाणी किती गरम आहे हे एक सेन्सर त्याला सांगतो. पाणी गार असेल तर कॉम्प्युटर समजतो इंजिन आत्ताच चालू झालंय, आणि पेट्रोल जास्त सोडतो. जुन्या लोकांसाठी सांगतो, चेतकचा चोक ओढून ठेवून आकुर्डीहून थेट चाकण गाठायचं, तसं मी चार वर्षं करत होतो. फरक एवढाच, की चेतक काळा धूर काढून ओरडून सांगायची. ही बिचारी गपचूप खिसा कापत होती.

काका तिथे थांबले नाहीत. गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलला सोडून बघितली, लगेच थबकली. मग जॅकवर चढवून चारही चाकं हाताने फिरवली. मागचं डावं चाक अर्धा फेरासुद्धा मारेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, लायनर कायम ड्रमला घासत होते. म्हणजे मी ब्रेक धरून गाडी चालवत होतो. मग हवा. चारही टायरमध्ये पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा सात-आठ पॉइंट कमी. शेवटची हवा कधी तपासली? आठवत नाही. एअर फिल्टर काळाकुट्ट निघाला, तो बदलला, पण काका म्हणाले, इंजेक्शनच्या गाडीत फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजचा खड्डा तेवढ्याने पडत नाही. ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं ज्ञान अजून सगळीकडे खपवलं जातं. प्लग बघितले, काजळी होती, साफ करून परत लावले. कॉम्प्रेशनही बघितलं. उत्तम. अठ्ठावीस हजारांचं "बसलेलं इंजिन" ठणठणीत उभं होतं!

एकूण बिल मजुरीसकट अडीच हजारांच्या आत.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. काकांनी विचारलं, पीयूसी आहे ना? कागद दाखव. मी दाखवला. "ह्यावर सीओ बघ. माझ्या हिशेबाने तुझी गाडी नापास व्हायला पाहिजे होती." बीएस-थ्री गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे ०.५ टक्के. चार वर्षं जास्तीचं पेट्रोल जाळणारी गाडी, आणि कागदावर आकडा अगदी शाळेच्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा शहाणा. मग मला आठवलं, पीयूसी काढताना सायलेन्सरमध्ये नळी घातलीच नव्हती. नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. मीही खूश, लवकर सुटलो म्हणून.

अहो, ती नळी म्हणजे गरीब माणसाची लॅब आहे! इंजिन जास्त पेट्रोल जाळतंय का, हे सांगणारी तपासणी दर सहा महिन्यांनी सरकार आपल्याला सक्तीने करायला लावतं, तीही थोडक्या पैशांत. ती प्रामाणिकपणे झाली असती तर माझा दोष चार वर्षांपूर्वीच सापडला असता. आपण तिला "पोलिसाला दाखवायचा कागद" करून टाकली. कागद विकणारा दोषी, त्याच्यावर डोळे मिटून बसणारे दोषी, आणि नळी न घालता कागद घेऊन हसत निघालेला मी पण. पुढच्या वेळेला नळी घाला म्हणून अडून बसा. आकडा वाचा.

दुरुस्तीनंतर दोन टाक्या मोजल्या. रोजच्या रस्त्यावर १५.२. १२.१ वरून १५.२. कसं मोजायचं तेही सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त घोळ होतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, ऑटो कटला थांबायचं, वर घासाघीस करून भरायचं नाही. किलोमीटर लिहायचे. परत फुल करायचं आणि किती लिटर बसलं त्याने भागायचं. "पाचशेचं टाकलं आणि दोन दिवस गेली" हे अ‍ॅव्हरेज नाही. पंपाच्या मापाचा संशय असेल तर तिथे पाच लिटरचं माप असतं, ते मागा, समोर भरून घ्या. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक कायद्यात चालतो, त्यापुढे नाही. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. मी मागितलं. माप बरोबर निघालं. पंपवाला गालात हसला, ते मुकाट गिळलं.

आता इथेनॉलकडे येतो. मी ते विसरलेलो नाही, आणि सरकारच्या बाजूचंही बोलत नाही.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. हे भौतिकशास्त्र आहे, यात पक्ष नसतो. वीस टक्के इथेनॉल म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट कागदावरच दिसते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के हाच अंदाज लिहिलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गदारोळ झाला तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने नव्या, त्यासाठी जुळवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के आणि इतरांना साधारण तीन ते सहा टक्के असं सांगितलं. माझी गाडी "इतरां"मध्ये. माझ्या वहीत २०१९ ची नोंद आहे, रविवारी पहाटे मोशी ते नारायणगाव, ताशी साठने, १९.८. दुरुस्तीनंतर तोच रस्ता, तीच वेळ, १८.८. म्हणजे पाच टक्के. त्यात थोडं गाडीच्या वयाचंही असेल.

तर पाच टक्के. "गाडीची वाट लागली" हेही खोटं, "काहीच होत नाही" हेही खोटं.

सरकारशी माझं भांडण वेगळं आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटलं होतं की ऊर्जा कमी मिळते, तर असं मिश्र पेट्रोल ग्राहकाला स्वस्त द्यावं. मिळालं का? इथे पुणे जिल्ह्यात २०२५ मध्ये लिटरला साधारण १०४ रुपयेच होते. मंत्रालय म्हणतं, तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता खरेदीच महाग पडते, जुलै २०२५ अखेर सरासरी ७१.३२ रुपये. ठीक आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतायत तर माझा विरोध नाही, माझ्या सासरवाडीला स्वतःचा ऊस आहे, घरात भांडण नको. पण मग पंपावर निवड तरी द्या. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या रस्त्यावर लाखांनी आहेत, त्यांच्यासाठी दहा टक्केवालं एक नोझल ठेवायला काय हरकत होती? बिनाइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. कोर्टाचा दरवाजा बंद झाला, पण धोरण ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारायला कुणी मनाई केलेली नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप, गॅस्केट लवकर बदलावे लागतील, ते स्वस्तात होतं असंही मंत्रालय सांगतं. स्वस्तात म्हणजे कुणाच्या खिशातून, ते सांगत नाही.

बरं. दुरुस्तीनंतर रविवारी १८.८ देणारी गाडी सोमवार ते शनिवार १५.२ देते. गाडी तीच, पेट्रोल तेच, पाय माझाच. मधलं कुठं गेलं?

कुठं जाणार. कुरुळीपासून सुरू होतं. आळंदी फाटा, मग तळेगाव चौक, मग आंबेठाण चौक.

वीस किलोमीटरला मला सकाळी सत्तर मिनिटं लागतात. म्हणजे ताशी सतरा. रिकाम्या रस्त्याला पस्तीस मिनिटं पुरतात. रोजची दोन्ही वेळची मिळून सत्तर मिनिटं मी चालू इंजिनवर फुकट उभा किंवा सरपटत असतो. आठशे सीसीचं इंजिन नुसतं उभ्याने तासाला अर्धा लिटरच्या आसपास जाळतं, एसी लावला तर त्याहून जास्त. हिशेब करा. १०४० किलोमीटरला १५.२ ने ६८ लिटर लागतात, १८.८ ने ५५. तेरा लिटर. साडेतेराशे रुपये दरमहा. नुसते चौकाचे.

आता तिन्ही हिशेब शेजारी ठेवा. माझं दुर्लक्ष आणि गॅरेजवाल्यांचं अर्धवट ज्ञान, महिन्याला साडेसतरा लिटर, अठराशे रुपये. चाकणचे चौक, साडेतेराशे. इथेनॉल, साडेतीन लिटर, साडेतीनशेच्या वर थोडे. ज्याच्यावर मोबाईल पेटले होते ते सगळ्यात लहान. ज्याच्यावर कुणी ब्र काढत नाही ते त्याच्या जवळजवळ चौपट.

गंमत बघा. गाडीच्या जाहिरातीतला अ‍ॅव्हरेजचा आकडा ज्या एआरएआयच्या नावाने छापतात ती संस्था आपल्या पुण्यातली, टेकडीवरची, चाकणलाही तिचं केंद्र आहे. चाचणी रोलरवर होते, ठरलेल्या चक्रात, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. तिथून उतरून तळेगाव चौकात सतराने सरपटायचं. ज्या पट्ट्यात देशभरासाठी गाड्या बनतात, त्याच पट्ट्यातल्या रस्त्यावर त्या चालत नाहीत. मर्सिडीज इथलीच, फोक्सवॅगन इथलीच, महिंद्रा आणि बजाज इथलेच. कंटेनर त्यांचेच, आणि त्या कंटेनरच्या मागे धूर खात उभा असलेला कामगारही त्यांचाच.

लोक म्हणतात, एवढं आहे तर जुनी गाडी भंगारात घाला, नवी घ्या. अरे राजांनो, नव्या गाडीचा हप्ता नऊ-दहा हजार. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या पोराचा अर्धा पगार तो. आणि नवी गाडी काय उडून जाणार आहे चौकावरून? तिच्या इंजिनालाही उभं राहायला पेट्रोल लागतंच. दुसरे म्हणतात, बसने जा. आमची शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, वर्कशॉप मुख्य रस्त्यापासून आत तीन किलोमीटर. त्या वेळेला तिथून बस दाखवा, मी गाडी उद्या विकतो.

नाशिक फाटा ते खेड तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने २ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केला, ७,८२७ कोटींचा. फटाके वाजले, बॅनर लागले, त्यावर पुढाऱ्यांचे एवढे चेहरे की पुलाचं चित्र शोधावं लागत होतं. होऊ दे पूल. पण पूल होईपर्यंतचं काय? तळेगाव-शिक्रापूर रस्त्याची जड वाहनं आणि नाशिक रस्त्याची कामगारांची वाहनं सकाळी सात ते दहा एकाच चौकात का घुसतात? शिफ्टच्या वेळेत अवजड वाहनांना बंदी हे बोर्डावर नको, चौकात उभं राहून पाळायला लावा. सेवा रस्त्यावरची अतिक्रमणं, रिक्षांचे थांबे, खड्डे, याला सात हजार कोटी लागत नाहीत. कारखान्यांनी सगळ्या शिफ्ट एकाच ठोक्याला सोडायचं थांबवलं तरी फरक पडेल, त्याला तर एक रुपयाही लागत नाही. पण चौक कुणाचा विचारलं की महामार्गवाले पीएमआरडीएकडे बोट दाखवतात, ते एमआयडीसीकडे, ते नगरपरिषदेकडे, आणि नगरपरिषद वाहतूक पोलिसांकडे. बोटं इतकी आहेत, हात एकाचाही नाही.

याच मातीत १९८० च्या जानेवारीत शरद जोशींनी भामनेर खोऱ्याला रस्ता मिळावा म्हणून वांद्रे ते चाकण पायी मोर्चा काढला होता. आणि त्याच वर्षी कांद्याच्या भावासाठी चाकणला रस्ता रोको झाला, शेतकरी रस्त्यावर बसले, अटका झाल्या. तेव्हा रस्ता बंद पाडायला आंदोलन लागायचं. आता रोज सकाळी आपोआप बंद पडतो, आणि कुणाला अटकही होत नाही.

मी काय करतोय ते सांगतो. वही ठेवली आहे. रोज निघायची वेळ, पोहोचायची वेळ, किलोमीटर, लिटर. पंपाची बिलं चिकटवतोय. आमच्या वर्कशॉपमधले चौघे आणि सोसायटीतले तिघे तयार झालेत, तेही त्यांची लिहितायत, त्यात दोन दुचाकीवाले आहेत. आधी गाडी दुरुस्त करून घ्यायची ही अट आहे, नाहीतर उद्या साहेब म्हणतील तुमच्याच गाडीत दोष आहे, आणि खरंच असेल. सकाळी थंड गाडीला वरच्या पाइपला हात लावून बघा, पाच-सात किलोमीटर चालवल्यावर चाकाच्या रिमजवळ हात न्या, एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय, हवा महिन्यातून दोनदा थंड टायरला तपासा. एवढं करून दोन टाक्या मोजा आणि मग लिहायला लागा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. जानेवारीचा सोमवार धरला आहे. तोवर वीस वह्या झाल्या तर वीस, नाहीतर आमच्या आठ. अर्जात इथेनॉलचा एक परिच्छेद असेल, पीयूसीचा एक, आणि बाकी सगळा तळेगाव चौकाचा. ज्यांना यायचंय त्यांनी वही घेऊन यायचं, नुसतं तोंड घेऊन नाही.